यांच्या घरी भाषाच नाही

शिक्षकांच्या खोलीत काही वाक्ये वर्षानुवर्षे टिकून असतात. शिक्षक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात, वाक्ये तिथेच राहतात. त्यातलेच एक: "काय शिकवणार या पोरांना? यांच्या घरी भाषाच नाही."

बी.एड. होऊन शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी मराठीत ऐकले, उर्दूत ऐकले, आणि अलीकडे इंग्रजी नर्सरीच्या पालकसभेत गोड शब्दांत गुंडाळलेलेही ऐकले. मराठी शाळेतले गुरुजी म्हणतात, मुसलमानाचे पोर आहे, घरी धड मराठी नाही आणि धड हिंदीही नाही. उर्दू शाळेतले आमचे साहेब म्हणतात, घर में जबान ही नहीं है, तो यहाँ क्या सीखेंगे. नर्सरीच्या मॅडम म्हणतात, घरात इंग्रजीचं वातावरण ठेवा, निदान मुलाशी बोलताना तरी तुमची ती भाषा वापरू नका. ती भाषा म्हणजे त्या मुलाच्या आईची भाषा. या तिघांचे एरवी एकमेकांशी कशावरही पटत नाही. या एका बाबतीत मात्र तिघांचे एकमत आहे.

मीही हे बोलले आहे. म्हणून इतरांवर बोट ठेवण्याआधी माझी गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक बडबडी मुलगी होती. "टीचर, मेरेकू पानी होना." "टीचर, ये मेरा दप्तर हैच नै." मी प्रत्येक वेळी तिला थांबवायची. "मुझे पानी चाहिए, बोलो." ती बिचारी ते वाक्य म्हणायची आणि मगच पाणी प्यायला जायची. सहामाहीला तिच्या आईला बोलावून घेतले. घरी साड्यांना फॉल-पिको करणारी बाई. तिला मी समजावले, घर में साफ जबान बोला करो, बच्ची वही सीखेगी. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "टीचर, मेरेकू साफ आतीच नै. फिर मैं उससे बोलनाच नक्को क्या?"

मी हसून विषय बदलला. पुढच्या महिन्यांत ती मुलगी वर्गात कमी बोलायला लागली. माझ्यामुळेच असे झाले, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, हे खरे. उत्तर देण्याइतके मी शिकलेच नव्हते. बी.एड.च्या वर्षात पियाजे आणि वायगॉट्स्की पाठ केले होते, परीक्षेत दहा-दहा गुणांची उत्तरे लिहिली होती. पण फॉल-पिको करणाऱ्या बाईने मुलीशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न कोणत्याच पेपरात आला नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ उशिरा, आणि पुष्कळ दूरच्या एका बाईंच्या कामात सापडले. कॅथी हर्श-पासेक या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापक. डेलावेअर विद्यापीठातल्या रॉबर्टा गोलिंकॉफ यांच्यासोबत त्या कित्येक दशके एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करत आल्या आहेत: तान्हे मूल बोलायला शिकते कसे? दोघींनी आणखी एका सहलेखिकेसोबत २००३ साली लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी सांगून टाकले की आइन्स्टाइनने कधी फ्लॅशकार्डे वापरली नव्हती.

त्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा. त्यात ६० मुले होती आणि सगळीच गरीब घरांतली. हा मुद्दा ध्यानात ठेवा. एकीकडे श्रीमंत, दुसरीकडे गरीब अशी ही तुलना नव्हती. मूल दोन वर्षांचे असताना आई आणि ते खेळत असल्याचे चित्रीकरण संशोधकांनी तपासले, आणि तेच मूल तीन वर्षांचे झाल्यावर त्याची भाषा किती फुलली ते पाहिले. गरिबी सारखीच, तरी काही मुलांची भाषा भरभरून वाढलेली, काहींची मधलीच, काहींची मागे पडलेली. मग फरक कशाने पडला? आई आणि मूल एकाच गोष्टीत रमतात का, रोजच्या ठरावीक खेळांत आणि कामांत दोघांचा वाटा असतो का, आणि दोघांचे बोलणे एकमेकांना धरून पुढे जाते का, या तीन गोष्टींनी. मुलांच्या भाषेत वर्षभराने जो फरक दिसला, त्यातल्या सुमारे २७ टक्के फरकाचा उलगडा संवादाच्या या दर्जावरून होत होता. आईने किती शब्द उच्चारले, या नुसत्या मोजदादीपेक्षा हे जास्त कामाचे ठरले.

हर्श-पासेक याला दोघांनी मिळून वाजवायच्या संगीताची उपमा देतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, जुगलबंदी. मूल काहीतरी करते, आई ते उचलते, त्यात थोडी भर घालते आणि थांबते. मग मूल पुन्हा काहीतरी करते. "अम्मी, बकरी!" "हौ, बकरी. क्या खारी वो?" "पाला." "किसका पाला खारी?" संपले. शास्त्र एवढेच आहे. त्याला ना पैसा लागतो, ना इंग्रजी, ना साफ उर्दू. लागते ती दोन माणसे आणि एक बकरी.

आता त्या स्टाफरूममधल्या वाक्याकडे परत या. यांच्या घरी भाषाच नाही, म्हणजे नेमके काय नाही? शब्द नाहीत? त्या घरात दादी आहे, फुफी आहे, वर राहणारी खाला आहे, नळावरचे भांडण आहे, भाजीवाल्याशी घासाघीस आहे. की शिक्षकाला हवी ती भाषा नाही? तसे असेल तर तसे स्पष्ट म्हणा. 'माझी भाषा यांच्या घरी नाही' हे वाक्य खरे आहे, आणि त्यात मुलाचा काही दोष नाही. शिकवणे हे शिक्षकाचे काम असल्यामुळे ती तफावत बुजवायची जबाबदारी त्याच्यावर येते. 'भाषाच नाही' म्हटले की जबाबदारी आईवर जाते आणि आपण मोकळे होतो.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण याच संशोधनाच्या जगातून एक सोटाही आपल्या हाती आला आहे. १९९५ साली बेटी हार्ट आणि टॉड रिझ्ली यांनी अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून मांडले की गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते. आकडा फार गाजला. पण त्या ४२ मध्ये सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे होती फक्त सहा. पुढे डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या समाजांतल्या घरांचा अभ्यास करून दाखवले की गरीब-गरिबांमध्येही प्रचंड फरक असतो, आणि घरातल्या सगळ्या माणसांचे बोलणे मोजले तर चित्र बदलते. त्यावर हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांच्या गटाने २०१९ मध्ये उत्तर दिले: मुलाच्या कानावर पडलेले बोलणे आणि मुलाशी केलेले बोलणे एक नव्हे, आणि फरक नाहीच असे म्हटले तर नुकसान गरीब मुलांचेच होईल.

मला यात दोन्हीकडचे थोडे थोडे पटते. मोहल्ल्यातल्या भरल्या घरात वाढलेली मी जाणते की दहा माणसे बोलत असली तरी एखादे मूल दिवसभर कोपऱ्यात गप्प राहू शकते. कोणीतरी त्याच्याकडे तोंड करून बोलावे लागते. इथे हर्श-पासेक बरोबर आहेत. पण 'शब्दांची दरी' हा शब्दप्रयोग विद्यापीठातून निघून शाळेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे काय होते, हेही मी पाहिले आहे. त्याचे 'यांच्या घरी भाषाच नाही' होते. ज्या बाईंच्या स्वतःच्या अभ्यासातली सगळी मुले गरीब होती आणि त्यातली कित्येक उत्तम बोलत होती, त्यांच्याच विषयाचा आधार घेऊन गरीब आईला नापास केले जाते. संशोधकांनी याचीही काळजी घ्यायला हवी होती, असे मला वाटते.

आता भाषा कोणती, हा प्रश्न. आमच्यातल्या साफ उर्दूवाल्यांना मला विचारायचे आहे, ज्या दखनीची तुम्हाला लाज वाटते ती कुठून आली? उर्दू शायरीच्या आरंभीच्या मोठ्या नावांत वली येतो, आणि त्याला वली दखनी, वली औरंगाबादी म्हणतात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने आपला 'किताब-ए-नौरस' हा ग्रंथ दखनीत रचला. उर्दू अदब दिल्ली-लखनौला बहरण्याआधी इथे, या मातीत बोलत होती. आणि मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या गुरुजींनाही विचारायचे आहे, 'नक्को' कुठून आला? 'मेरेकूच', 'आजच', 'हैच नै' यातला 'च' कुणाचा? तो तुमचाच आहे. मराठीच्या अंगणात राहून राहून आमच्या जिभेवर बसलेला. माझ्या वर्गातली ती मुलगी 'हैच नै' म्हणत होती, तेव्हा ती अर्धे मराठी व्याकरण घेऊन शाळेत आली होती. ते ओळखून पुढे नेण्याऐवजी मी ते खोडून काढत होते. रत्नागिरी-रायगडकडच्या आमच्या भावंडांची घरची बोली तर कोकणी. त्यांच्या मुलांना उर्दू शाळेत आणि मराठी शाळेत, दोन्हीकडे आपली जीभ दाराबाहेर ठेवून यावे लागते.

दोन-तीन भाषा मिसळून बोलल्याने मूल गोंधळते, ही समजूतही सोडून द्या. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला थोडे कमी भरतील, पण दोन्ही भाषांतले मिळून मोजा, ते मागे नसते. मूल गोंधळते ते आईला न येणारी भाषा आईच्या तोंडी घातली की. जिला इंग्रजीची वीस वाक्ये येतात ती बाई मुलाशी वीस वाक्येच बोलणार. "सिट डाउन. ईट फास्ट. शूज कुठे आहेत युवर?" यात जुगलबंदी कुठली? हुकूम तेवढे असतात. तीच बाई आपल्या बोलीत मुलाला अख्खी दुपार गोष्ट सांगू शकते, चिडवू शकते, हिशेब विचारू शकते, त्याच्या शंभर 'कायकू'ला शंभर उत्तरे देऊ शकते. मुलाला पुढे कोणतीही भाषा शिकायची असो, ती या शंभर 'कायकू'च्या पायावर उभी राहते.

आणि फ्लॅशकार्डे? अडीच वर्षांच्या मुलाला सफरचंदाचे चित्र दाखवायचे, त्याने 'ॲपल' म्हणायचे, मावशींनी टाळ्या वाजवायच्या. आपल्या भागात सफरचंद वर्षातून चार वेळा घरात येते, सीताफळ रोज दारावर येते. त्याचे कार्ड नसते. मुले अर्थ असलेल्या प्रसंगात, त्यांना रस असलेल्या गोष्टींचे शब्द आधी उचलतात, हे या दोघी संशोधक पुन्हा पुन्हा सांगतात. सीताफळाचे डोळे मोजत, बिया थुंकत मूल जे शिकेल ते कार्डावर मिळणार नाही.

मोबाइलचे तर विचारूच नका. मूल जेवत नाही, लाव गाणे. मूल रडते, लाव गाणे. वर आम्हीच कौतुकाने सांगतो, अंग्रेजी राइम पूरी आती इसकू. हर्श-पासेक यांच्या गटाने २०१४ साली ३६ लहान मुलांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना नवी क्रियापदे समोर बसलेल्या माणसाने शिकवली, काहींना व्हिडिओ कॉलवर, आणि काहींना आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओने. समोरच्या माणसाकडून मुले शिकली. व्हिडिओ कॉलवरही शिकली. चित्रित व्हिडिओतून शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. फरक इतकाच की कॉलवरचा माणूस मुलाला पाहत होता आणि त्याच्या उत्तरासाठी थांबत होता. आमच्या समाजात याचा थेट अर्थ आहे. कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला बाप आखातात आहे. त्याने रात्री फोनवर "क्या खाया रे आज? दिखा तेरी गाडी" असे दहा मिनिटे विचारले, तर ते शिक्षण आहे. तोच फोन पुढचे दोन तास मुलाच्या हातात गाणी लावून दिला, तर ते नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितले आहे की एका वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको.

दुसरा प्रयोग मोठ्यांच्या मोबाइलचा आहे आणि तो मला जास्त लागला. ३८ आयांना आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे, बनावट शब्द शिकवायला सांगितले. एक शब्द शिकवताना मध्येच आईला फोन आला, दुसऱ्या वेळी आला नाही. शिकवण्याचा एकूण वेळ दोन्हीकडे सारखाच. फोन न आलेला शब्द मुले शिकली, फोन आलेला शिकली नाहीत. सूर एकदा तुटला की शिकणे तुटले. वर्गात मूल काहीतरी सांगायला येते आणि मी हजेरीची ऑनलाइन माहिती भरत "हौ, हौ, बैठ" म्हणते, तेव्हा मी तेच करत असते.

खेळाबद्दलही गैरसमज दोन टोकांचे आहेत. एका टोकाला तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ देणारे. दुसऱ्या टोकाला 'मुलांना मोकळे सोडा, आपोआप शिकतील' म्हणणारे. २०१३ सालच्या एका प्रयोगात हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या ७० मुलांना भूमितीचे आकार तीन तऱ्हांनी शिकवले. काहींना मोठ्यांनी सरळ समजावले, काही नुसतीच आकारांशी खेळली, आणि काही मोठ्यांच्या सोबतीने, त्यांच्या प्रश्नांच्या आधाराने शोधत खेळली. तिसरा गट पुढे राहिला. त्रिकोण लांबुळका असो की तिरका, तीन बाजू असल्या की त्रिकोण, हे त्यांना कळले. म्हणजे खेळ मुलाचा, पण मोठे माणूस सोबत हवे.

हे ऐकायला अमेरिकेतून यावे लागले याची मला जरा गंमत वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षण केंद्र काढले, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम केले. मुले येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली, गुरे चारायला जातात तर कुरणात गेली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने. परदेशी महागड्या साधनांची वाट त्या बघत बसल्या नाहीत. ज्या महाराष्ट्राने 'अंगणवाडी' हा शब्द दिला, त्याच महाराष्ट्रात आज गल्लीगल्लीत बिनखिडकीच्या गाळ्यात नर्सरी आहे आणि भिंतीवर सफरचंद आहे.

आणि ज्यांना हे सगळे पाश्चात्त्य वाटते, त्यांच्यासाठी आपल्या घरातली गोष्ट. हदीसमध्ये येते की हजरत अनस यांच्या धाकट्या भावाचे एक पाखरू होते आणि ते मेले. रसूलुल्लाह (स.) त्या पोराकडे येत आणि त्याला 'अबू उमैर' असे मोठ्या माणसासारखे संबोधून त्याच्या पाखराचे काय झाले ते विचारत. त्या प्रश्नात पाखराचे नाव आणि पोराचे नाव यांचे यमकही जुळे. विचार करा. ज्यांच्या खांद्यावर अख्ख्या उम्मतची जबाबदारी, त्यांनी एका पोराच्या पाखराची चौकशी करायला वेळ काढला. त्याच्या आवडीच्या गोष्टीवर, खेळकर शब्दांत, उत्तराची अपेक्षा ठेवून. आम्ही जुम्म्याला ही सुन्नत ऐकतो आणि मशिदीत मूल बोलले की त्याला मागच्या सफेत ढकलतो.

आता मला विचारले जाईल, आणि विचारले जातेच: मॅडम, तुमचे ठीक आहे, तुम्हाला नोकरी आहे. आमच्या मुलाला इंग्रजी आले नाही तर तो हमालीच करेल. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. गरीब बाप पोटाला चिमटा काढून नर्सरीची फी भरतो ती मूर्खपणाने नाही. त्याला दिसते की साहेब लोक उर्दू आणि मराठी शाळांची थोरवी सांगतात आणि आपली मुले इंग्रजीत घालतात. इंग्रजी शिकवाच. पण चांगली शिकवा, योग्य वयात शिकवा, आणि आईची भाषा काढून घेऊन तिच्या जागी बसवू नका. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा प्रवेशासाठी मुलाची आणि पालकांची चाचणी घ्यायला मनाई करतो. तो कायदा सहा ते चौदा वयाचा, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईच्या इंग्रजीची मुलाखत त्या फटीतून सुटते. ही फट बुजवा, अशी मागणी आमच्या एकाही मोर्चात मी ऐकलेली नाही.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. आईला वेळ कुठे आहे? सोलापुरात विड्या वळणारी, मालेगाव-भिवंडीत कांड्या भरणारी, नगावर मोल मिळणारी बाई मुलाच्या बकरीवर किती बोलणार? तिला 'रोज अर्धा तास मुलाशी संवाद साधा' असे पत्रक देणे म्हणजे क्रूरपणा. जुगलबंदीला पैसा लागत नाही, असे मी वर म्हटले. पण तिला फुरसत लागते, आणि गरिबाची फुरसत महाग असते. म्हणून हा प्रश्न आईच्या गळ्यात मारून सरकारला आणि समाजाला सुटू देता कामा नये. अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे. तिथल्या ताईंवर पोषण आहार, वजने, सर्वेक्षणे, नोंदी यांचे इतके ओझे आहे की मुलाशी बोलायला त्यांनाही वेळ नाही. तो वेळ त्यांना द्या. मोहल्ल्याची बोली बोलणारी सेविका मोहल्ल्यात द्या.

आणि आधीच जिथे आई-मूल सोबत असतात तिथे काही करता येते, हेही हर्श-पासेक यांच्या गटाने दाखवले. गरीब वस्तीतल्या बाजारदुकानांत त्यांनी साध्या पाट्या लावल्या. दूध कुठून येते, तुझी आवडती भाजी कोणती, असे प्रश्न. पाट्या असताना आई-मुलांचे बोलणे वाढले, काढल्यावर कमी झाले. पश्चिम फिलाडेल्फियात जिथे १९६५ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केले होते, त्या जागेजवळच्या बसथांब्याच्या परिसरात त्यांनी कोडी आणि खेळ बसवले. आपल्याकडे रेशनच्या दुकानाची रांग आहे, लसीकरणाची रांग आहे, एसटीचा थांबा आहे. या भिंतींवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज आणखी काही लिहिता येईल की नाही? मराठीत लिहा, उर्दूत लिहा, आणि जिला वाचता येत नाही तिच्यासाठी चित्र काढा. जमातीच्या फंडातून मशिदीला आणखी एक झुंबर लावण्याआधी याचा हिशेब करून पाहा.

यंदा जूनमध्ये पहिलीच्या पालकसभेत मी वेगळे बोलले. म्हटले, घर में जो जबान आती वोच बोलो, लेकिन बोलो. बच्चा कुछ दिखाया तो देखो, पूछो, और उसका जवाब आने तक रुको. मागून एका आईने विचारले, "फिर टीचर, साफ उर्दू और मराठी कौन सिखाएगा?"

मी म्हटले, वो मेरा काम है. मेरेकू उसीच का पगार मिलता.

सभा हसली, मीही हसले. पण हे मी गंमत म्हणून बोलले नव्हते. ज्या आईला काही वर्षांपूर्वी मी उत्तर न देता परत पाठवले, तिला द्यायचे उत्तर हेच होते. माझ्या सहकाऱ्यांना, उर्दू शाळेतल्या आणि मराठी शाळेतल्याही, एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी स्टाफरूममध्ये कोणी 'यांच्या घरी भाषाच नाही' म्हणाले, तर चहाचा कप खाली ठेवून विचारा: तुम्ही कधी त्या घरी जाऊन ऐकले आहे का?